शहापूर-मुरबाडास गाण्याची बैठक हवी

ज्या गांवांचें पाणी शहराची तहान भागवितें, त्या गांवांस शहरांतील गाणें ऐकावयास मिळूं नये, हा व्यवहार न्यायाचा म्हणतां येणार नाहीं. भातसा व तानसा हे जलाशय शहापूर तालुक्यांत आहेत. मुरबाडची जमीन बारवी धरणाच्या पाण्याखालीं गेली आहे. परंतु या दोन तालुक्यांतील ज्या मनुष्यास अभिजात गायन समक्ष ऐकावयाचें असेल, त्यास कल्याण, डोंबिवली, ठाणें किंवा दादर गांठावें लागतें. शहापूरकरास निदान आसनगांवची लोकल तरी आहे. मुरबाडास आजही रेल्वे नाहीं. रात्रीं दहाच्या सुमारास गायक भैरवीस हात घालतो, आणि आमचा श्रोता नेमका त्याच वेळीं चपला शोधीत बाहेर पडतो. पूर्ण दराचें तिकीट देऊन अपुरी मैफल ऐकणें हें आमच्याकडील रसिकाच्या अंगवळणीं पडलें आहे.

यावर कोणी म्हणेल कीं, आतां हवें तें गाणें खिशांतील मोबाइलवर मिळतें. मग एवढी पायपीट कशाला? ज्यानें समोर बसून गाणें ऐकलें आहे तो हा प्रश्न विचारणार नाहीं. आम्ही स्वतः अशा अनेक जलशांस श्रोते म्हणून बसलों आहों, आणि आमचा अनुभव असा कीं, ध्वनिमुद्रणांत गाणें तयार होऊन येतें, तर मैफलींत तें आपल्यादेखत तयार होतें. तंबोरे जुळत असतांना प्रथम सभागृहांत गलबला असतो. तारा एकमेकींत मिळाल्या म्हणजे तो आपोआप थांबतो. गायक दोन-चार स्वरांवर रेंगाळतो, एखादी जागा साधली नाहीं म्हणून पुन्हां तिकडे वळतो, आणि ती साधली म्हणजे समोरच्या पंक्तींतून आपसूक दाद उठते. ती ऐकून त्यास धीर येतो, व पुढचें आवर्तन तो अधिक मोकळेपणानें घेतो. सम आली कीं परस्परांस न ओळखणाऱ्या दोनशें माणसांच्या माना एकदम हालतात. ही सामाईक एकाग्रता घरबसल्या मिळत नाहीं.

दुसरा आक्षेप असा कीं, खेड्यांतील माणसास यांतलें कांहीं कळणार नाहीं. असें बोलणारानें आमच्याकडील भजनास एक रात्र बसावें. पखवाजाच्या ठेक्यावर टाळ चुकला तर दहा वर्षांचा मुलगाही मागें वळून पाहतो. भजनाची सांगता भैरवीनें होते हें त्यास कोणी शिकवावें लागत नाहीं. अशा कानास ख्यालाची सम सांपडावयास फार तर दोन बैठका लागतील. रागाचें नांव सांगतां येणें ही जाणत्यांची गोष्ट; राग मनास लागण्यासाठीं परीक्षा द्यावी लागत नाहीं. ठाकूर व महादेव कोळी वस्त्यांतील ज्या लोकांच्या अंगांत नाच-गाणें भिनलें आहे, त्यांस लयीचें ज्ञान शहराकडून उसनें आणावें लागेल असें आम्हांस वाटत नाहीं.

संगीत एके काळीं संस्थानिकांच्या दरबारांत व धनिकांच्या दिवाणखान्यांत कोंडलेलें होतें. पुण्यास १८७४ सालीं गायन समाज निघाला. विष्णु दिगंबर पलुसकरांनीं ५ मे १९०१ रोजीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढलें. भातखंडे यांच्या खटपटीनें १९१६ सालीं बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. हिराबाई बडोदेकरांनीं तिकीट लावून जलसे केले व गाणाऱ्या स्त्रीस सभागृहांत मानाची जागा मिळवून दिली. या थोरांनीं जीं दारें उघडलीं तीं मुख्यतः शहरांतलीं होतीं. तालुक्याचें दार उघडण्याचें काम आमच्यासाठीं शिल्लक आहे.

तें कसें व्हावें याविषयीं आमची सूचना साधी आहे. आमच्याकडे मंगल कार्यालयें आहेत, आणि चातुर्मासांत लग्नाचे मुहूर्त नसल्यानें तीं बहुधा रिकामीं असतात. भाताची लावणी उरकली म्हणजे श्रावणांत शेतकऱ्यासही थोडी उसंत मिळते. त्या महिन्यांतील एखाद्या रविवारीं दुपारीं एक वाजतां बैठक सुरू करावी व पांचच्या आंत भैरवी व्हावी. म्हणजे दूरच्या पाड्यावरील माणूसही एस्टीनें उजेडीं घरीं पोहोंचेल.

यांत शहरासही क्वचित् मिळणारा एक लाभ आहे. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव भीमसेन जोशी यांनीं १९५३ सालीं सुरू केला. तो पूर्वीं रात्ररात्र चालत असे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनीं उघड्या मंडपांतील ध्वनिवर्धक रात्रीं दहास बंद केला. नियम योग्यच आहे. झोपणाऱ्याचाही हक्क असतो. परंतु त्यामुळें मध्यरात्रीचे मालकंस-दरबारी त्यांच्या वेळेस ऐकणें दुर्मिळ झालें, आणि सायंकाळच्या जलशांत वृंदावनी सारंग, भीमपलास, मुलतानी या दुपारच्या रागांस जागा नसते. ते राग आमच्या दुपारच्या बैठकींत सुखानें नांदतील. बाहेर पाऊस कोसळत असतां मल्हार ऐकण्यास तर आमच्याहून योग्य स्थळ कोणतें?

मात्र कांहीं पथ्यें पाळलीं पाहिजेत. बैठक ठरल्या वेळीं सुरू व्हावी. हारतुरे व भाषणें यांत गायकाची घटका जाऊं नये. ध्वनिवर्धक बेताचा असावा; लहान जागेंत तो नसला तर फारच उत्तम. मोबाइल बंद असावेत. बसण्याच्या जागेंत श्रीमंत-गरीब, स्त्री-पुरुष, जात-जमात असा भेद नसावा, आणि आश्रमशाळांतील मुलांस आग्रहानें बोलवावें. तीं उद्यांचीं श्रोतीच नव्हेत, गाणारींही होतील.

खर्चाचें म्हणाल, तर शंभर व्यापाऱ्यांनीं प्रत्येकीं पांचशें रुपये दिले तरी पन्नास हजार होतात. हळदीच्या एका रात्रीं डीजेवर लोक जो पैसा उडवितात, त्याच्या मानानें ही वर्गणी जड नव्हे. तेवढ्यांत नामवंत उस्ताद येणार नाहींत; पण दहा-बारा वर्षें गुरूकडे घासून तयार झालेले तरुण गायक आनंदानें येतील, आणि त्यांस ठरलेली बिदागी त्याच दिवशीं हातीं मिळावी. शहापूर व मुरबाड येथील व्यापारी मंडळींनीं येत्या श्रावणापूर्वीं एकत्र बसून हें मनावर घ्यावें, अशी आमची त्यांस विनंति आहे.