परीक्षा घोटाळे : आकड्यांच्या साक्षीचे वजन कसे करावे?

कोलकाता : पश्चिम बंगालमधील 25,753 शिक्षक व शिक्षकेतर कर्मचाऱ्यांच्या नियुक्त्या रद्द करण्याचा कलकत्ता उच्च न्यायालयाचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 3 एप्रिल 2025 रोजी कायम ठेवला. त्याची झळ केवळ पैसे मोजून नोकरी मिळवणाऱ्यांना बसली नाही. ज्यांच्याविरुद्ध गैरप्रकाराचा कोणताही ठोस पुरावा समोर आला नव्हता, अशा हजारो शिक्षकांच्या नियुक्त्याही रद्द झाल्या. राज्याच्या शालेय सेवा आयोगाच्या 2016 मधील या भरती प्रक्रियेत दोषी व निर्दोष यांना वेगळे काढता येते का, हाच या खटल्याचा कळीचा मुद्दा होता.

न्यायालयाचे उत्तर नकारार्थी आले, त्यामागे एक साधे कारण होते. मूळ ओएमआर उत्तरपत्रिका नष्ट करण्यात आल्या होत्या आणि त्यांच्या स्कॅन केलेल्या प्रतीही आयोगाकडे नव्हत्या. केंद्रीय अन्वेषण विभागाने हस्तगत केलेल्या विदेतून काही उमेदवारांच्या गुणांतील फेरफार उघड झाला. मात्र, उर्वरित सर्वांची पडताळणी करण्याचा मार्ग बंद झाला होता. संपूर्ण प्रक्रियाच दुरुस्तीपलीकडे कलंकित झाल्याचा निष्कर्ष न्यायालयाने काढला.

त्याआधी काही महिने, 'नीट-यूजी 2024' प्रकरणात सर्वोच्च न्यायालयासमोर जवळपास हाच प्रश्न आला होता आणि तेथे निकाल उलट लागला. सुमारे 23 लाख विद्यार्थ्यांनी दिलेली ही परीक्षा रद्द करण्यास न्यायालयाने 23 जुलै 2024 रोजी नकार दिला. हजारीबाग व पाटणा येथे प्रश्नपत्रिका फुटल्याचे न्यायालयाने मान्य केले. तथापि, गैरप्रकार देशव्यापी असल्याचे दर्शवणारी सामग्री समोर नसल्याचे नमूद केले. गैरप्रकाराचा लाभ घेतलेल्या विद्यार्थ्यांची तपास यंत्रणेने तोपर्यंत दिलेली संख्या 155 होती.

या प्रकरणात केंद्र सरकारने आयआयटी मद्रासच्या विश्लेषणाचा आधार घेतला होता. गुणांचे वितरण घंटेच्या आकाराचे आहे, मोठ्या परीक्षांत ते असेच दिसते आणि त्यात कोणतीही विकृती नाही, असा त्या विश्लेषणाचा रोख होता. या पुराव्याचे वजन नेमके किती, हे ठरवण्यासाठी संख्याशास्त्रातील बेझियन विचारपद्धती उपयोगी पडते.

अठराव्या शतकातील इंग्लिश धर्मोपदेशक थॉमस बेझ यांचा या विषयावरील निबंध त्यांच्या मृत्यूनंतर 1763 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातून विकसित झालेला नियम दोन गोष्टी विचारतो. पुरावा हाती येण्यापूर्वी एखादी गोष्ट कितपत संभवनीय होती? आणि ती गोष्ट खरी असल्यास हा पुरावा दिसण्याची शक्यता, ती खोटी असल्यास दिसण्याच्या शक्यतेपेक्षा किती अधिक किंवा कमी आहे? दोन्ही शक्यता सारख्याच असतील, तर त्या पुराव्याने आपल्या मतात काडीचाही फरक पडता कामा नये.

ही कसोटी 'नीट'च्या आलेखाला लावून पाहता येईल. लाखो विद्यार्थ्यांना प्रश्नपत्रिका आधी मिळाली असती, तर आलेखाचा वरचा भाग निश्चितच फुगला असता. तो फुगला नाही, म्हणून व्यापक पेपरफुटीच्या दाव्याविरुद्ध हा सबळ पुरावा ठरतो. परंतु 23 लाखांच्या गर्दीत 155 किंवा अगदी हजारभर विद्यार्थ्यांना लाभ झाला असता, तरी आलेखाचा आकार तसाच राहिला असता. स्थानिक गैरप्रकाराबाबत हा आलेख मौन बाळगतो. त्या मौनाला निर्दोषत्वाचे प्रमाणपत्र मानणे चुकीचे ठरेल.

हीच विचारपद्धती प्रामाणिक उमेदवाराचेही रक्षण करते. समजा, 10 हजार परीक्षार्थींपैकी एक टक्का, म्हणजे 100 जणांनी गैरप्रकार केला आहे. संशयास्पद उत्तरपत्रिका हुडकणारी संगणकीय प्रणाली त्यांपैकी 95 जणांना पकडते आणि प्रामाणिक उमेदवारांपैकी केवळ दोन टक्क्यांवर चुकून बोट ठेवते. ऐकायला ही प्रणाली उत्तम वाटते. मात्र, 9,900 प्रामाणिक उमेदवारांचे दोन टक्के म्हणजे 198 जण होतात. एकूण 293 संशयितांत खरे दोषी 95, म्हणजे साधारण तिघांत एक. उरलेल्या दोघांनी काहीही केलेले नसते. गैरप्रकाराचे मूळ प्रमाण दहा टक्के असेल, तर त्याच प्रणालीच्या संशयितांतील 84 टक्के खरोखर दोषी निघतील. म्हणजेच यंत्राची अचूकता तीच राहूनही तिच्या निष्कर्षाची विश्वासार्हता परिस्थितीनुसार बदलते. संशयितांच्या यादीलाच दोषींची यादी समजण्यातील धोका येथे आहे.

परीक्षा केंद्रांची तुलना करतानाही ही सावधगिरी आवश्यक ठरते. न्यायालयाच्या आदेशानुसार 'नीट'चे केंद्रनिहाय निकाल जाहीर झाले, तेव्हा काही केंद्रांवरील उच्च गुणांकडे लगेच बोट दाखवण्यात आले. राजस्थानातील सीकर हे नाव त्यात ठळक होते. परंतु सीकर हे वैद्यकीय प्रवेशाच्या शिकवणीचे मोठे केंद्र आहे. तेथील निकाल इतर शहरांपेक्षा वरचढ असणे अपेक्षितच होते. महाराष्ट्रात लातूरची स्थिती वेगळी नाही. तपासाचे धागे लातूरपर्यंत पोहोचले होते, हे खरे. पण केवळ गुण जास्त आहेत म्हणून लातूरच्या विद्यार्थ्याकडे संशयाने पाहणे अन्यायाचे होईल. त्या शहराची तुलना त्याच्याच मागील वर्षांच्या निकालांशी करायला हवी.

छोट्या केंद्रांबाबत आणखी एक अडचण असते. कमी विद्यार्थी असलेल्या केंद्राचा निकाल निव्वळ योगायोगानेही फार वर किंवा फार खाली जाऊ शकतो. अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ डोनाल्ड रुबिन यांनी 1981 मध्ये आठ शाळांतील 'सॅट' परीक्षेच्या शिकवणीचा अभ्यास मांडला. एका शाळेत शिकवणीमुळे 28 गुणांची वाढ दिसत होती, तर दुसरीत तीन गुणांची घट. आठही शाळांची माहिती बेझियन पद्धतीने एकत्र विचारात घेतल्यावर त्या 28 गुणांचा अंदाज 10 च्या आसपास येतो. एकट्यादुकट्या आकड्याला त्याच्या समूहाच्या संदर्भात तोलण्याची ही रीत आज शैक्षणिक मापनात रुळली आहे. शिकवणी वर्गांच्या जाहिरातींतील यशाचे दावेही याच तराजूत घालण्याजोगे आहेत.

या चर्चेत कोलकात्याला विशेष स्थान आहे. प्रशांतचंद्र महालनोबीस यांचे संख्याशास्त्रातील सुरुवातीचे काम परीक्षांशीच निगडित होते. तत्त्वज्ञ ब्रजेंद्रनाथ सील यांच्या विनंतीवरून 1917 च्या सुमारास त्यांनी कलकत्ता विद्यापीठाच्या परीक्षा निकालांचे विश्लेषण केले. 1931 मध्ये त्यांनी भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली. याच संस्थेत घडलेले देबब्रत बसू पुढे बेझियन विचाराचे खंदे पुरस्कर्ते झाले, तर संस्थेचे माजी संचालक जयंतकुमार घोष यांचे बेझियन विश्लेषणावरील पाठ्यपुस्तक प्रसिद्ध आहे. एवढी परंपरा असलेल्या शहरात उत्तरपत्रिकाच शिल्लक नसल्यामुळे हजारोंचे भवितव्य अधांतरी लटकावे, हा विरोधाभास बोचणारा आहे.

कारण कोणतेही गणित नष्ट झालेला कागद परत आणू शकत नाही. महाराष्ट्रातील 2019-20 च्या शिक्षक पात्रता परीक्षेच्या घोटाळ्यात पुणे सायबर पोलिसांच्या तपासातून गुणांतील फेरफार उमेदवारनिहाय समोर आला आणि सात हजार आठशेहून अधिक उमेदवारांवर व्यक्तिशः कारवाई करता आली. संपूर्ण परीक्षा रद्द करण्याची वेळ आली नाही. दोन राज्यांतील निकालांत जो फरक पडला, त्यात पुराव्याच्या जतनाचा वाटा मोठा आहे.

पश्चिम बंगालमध्ये सप्टेंबर 2025 मध्ये नव्याने घेण्यात आलेल्या भरती परीक्षेत उमेदवारांना उत्तरपत्रिकेची कार्बन प्रत देण्यात आली. उत्तरपत्रिकांच्या स्कॅन प्रती दहा वर्षे जपण्याची तरतूदही नव्या नियमांत आहे. हे योग्य दिशेचे पाऊल होय. मात्र, उमेदवारांची ओळख लपवून प्रश्ननिहाय उत्तरे व केंद्रनिहाय विदा स्वतंत्र संशोधकांना उपलब्ध झाल्याशिवाय गैरप्रकार वेळीच हेरता येणार नाहीत.

आकडे कुठे शोधायचे ते सांगू शकतात. कोणाला शिक्षा करायची, हे त्यांनी एकट्याने ठरवू नये. संशयाला संख्येत मांडता येते, पण त्यानंतर प्रत्येक उमेदवाराची उत्तरपत्रिका उघडून पाहावीच लागते. ती उत्तरपत्रिका जागेवर असणे, ही परीक्षा मंडळांची किमान जबाबदारी आहे.