‘आणि’नंतर पूर्णविराम?

डोंबिवलीतले आमचे शेजारी नाना हे डॉ. काशिनाथ घाणेकरांचे भक्त. घाणेकर १९८६ साली गेले. नानांचं सुतक अजून फिटलेलं नाही. ‘अश्रूंची झाली फुले’ त्यांनी इतक्या वेळा पाहिलं, की नानींच्या चहात साखर कमी पडली तरी ते लाल्याच्या आवाजात जाब विचारतात. इथवर माझी काही तक्रार नाही.

तक्रार पुढेच आहे. ठाण्यात घाणेकरांच्या नावाचं नाट्यगृह आहे. तिथल्या एका नव्या नाटकाची दोन तिकिटं काढून मी म्हटलं, “नाना, चला.”

“अरे, ज्यानं ‘रायगडाला जेव्हा जाग येते’मधला संभाजी पाहिला, त्यानं आता आणखी काय पाहायचं?”

घ्या! नाव घाणेकरांचं आणि खुर्च्या रिकाम्या! ही भक्ती म्हणायची की बहिष्कार?

जुन्या जाहिरातींत सगळ्या नटांची नावं झाली, की शेवटी यायचं, ‘आणि डॉ. काशिनाथ घाणेकर’. २०१८च्या चित्रपटाचं नावही त्यावरूनच. पण व्याकरणात ‘आणि’ हे जोडणारं अव्यय आहे हो! या भक्तांनी त्याचा पूर्णविराम करून टाकला. फोटोला हार घालून नट जिवंत राहत नाही. त्याच्या नावाच्या थिएटरात टाळी वाजावी लागते आणि टाळीसाठी आधी तिकीट काढावं लागतं.

शेवटी मी एकटाच गेलो. शेजारच्या खुर्चीवर माझी छत्री बसली होती. तिनं निदान तुलना तरी केली नाही.