गहुंज्याच्या स्टँडमध्ये जुन्नर-आंबेगावला जागा हवी

चैत्र लागला की जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत यात्रांचा हंगाम सुरू होतो. ग्रामदैवताला मांडवडहाळे, संध्याकाळी पालखी, रात्री तमाशा आणि दिवसा बैलगाड्यांचा घाट. सांगली-साताऱ्याकडच्या शर्यतीत गाडीवान छकड्यावर बसतो. इकडे गाड्यावर माणूस नसतो. पुढे घोडी उधळते, तिच्यामागे चढणीवर बैल सुटतात आणि काही सेकंदांत बारी संपते. स्पीकरवरून गाडामालकाचे आणि गावाचे नाव पुकारले जाते, ‘भिर्रर्र’चा गजर होतो, भंडारा उडतो. घाटाच्या दोन्ही बाजूंना हजारो माणसे दाटीवाटीने उभी असतात. त्यांतल्या कुणीही आत येताना पैसे मोजलेले नसतात.

पैसे कुणीच देत नाही, असे मात्र नाही. यात्रा कमिटी घरोघर वर्गणी गोळा करते, मुंबई-पुण्याला नोकरीला गेलेला गावकरी आवर्जून आपला वाटा पाठवतो, बक्षिसाची मोटारसायकल किंवा रोख इनाम कुणीतरी गावाच्या नावाने पुरस्कृत करतो. दुसऱ्या दिवशीच्या कुस्त्यांच्या हगाम्याचेही तसेच. आधी रेवड्यांवर लहान पोरांच्या कुस्त्या लागतात, मग इनाम चढत जाते आणि शेवटची मोठी कुस्ती सुटेपर्यंत आखाड्याभोवतीची मंडळी हलत नाहीत. आजोबांच्या खांद्यावर बसलेल्या नातवाला आणि बागायतदाराला सारखीच कुस्ती दिसते. खेळाचा खर्च सगळ्यांनी मिळून उचलायचा आणि खेळ सगळ्यांनी पाहायचा, ही इथली जुनी रीत आहे.

तिकिटाचे वावडे या भागाला मुळीच नाही. तमाशापंढरी म्हणून ओळखले जाणारे नारायणगाव जुन्नर तालुक्यातलेच. गुढीपाडव्याच्या सुमारास तिथे फडमालकांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे कारभारी येऊन सुपाऱ्या ठरवतात. सुपारी दिलेल्या गावाला तमाशा मोफत पाहायला मिळतो. सुपारी नसेल त्या दिवशी फड कनात ठोकतो आणि दारात तिकीट लावतो. त्या तिकिटाची किंमत फडमालक समोरच्या गर्दीचा खिसा ओळखूनच ठेवतो, कारण कनात रिकामी राहिली तर रात्र वाया जाते.

नेमके हेच भान व्यावसायिक क्रिकेटने सोडले आहे.

पुणे जिल्ह्याला आंतरराष्ट्रीय दर्जाचे मैदान मिळून तपापेक्षा जास्त काळ लोटला. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गालगत गहुंज्यात महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनचे स्टेडियम २०१२ साली उभे राहिले आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तिथे भारत-इंग्लंड टी-ट्वेंटी सामना झाला. २०१९ मध्ये याच मैदानावर विराट कोहलीने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध नाबाद २५४ धावा केल्या. २०२३ च्या विश्वचषकातले पाच सामने इथे झाले. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये मिचेल सँटनरने १३ बळी घेऊन न्यूझीलंडला भारतातली पहिली कसोटी मालिका जिंकून दिली, तीही इथेच. हा सगळा इतिहास पुणे जिल्ह्याच्या मातीत घडला, पण त्याच जिल्ह्यातल्या आहुप्याच्या किंवा आपटाळ्याच्या मुलाने तो मोबाइलवर पाहिला.

त्याने मैदानावर जायचे ठरवले तर काय होते, ते पाहावे. मंचरहून गहुंजे साठ-पासष्ट किलोमीटर, जुन्नरहून शंभराच्या आसपास. वाटेत राजगुरुनगर, चाकण आणि मग चाकण-तळेगाव रस्त्यावरची कंटेनरची रांग. टी-ट्वेंटी सामना रात्री अकराच्या सुमारास संपतो; त्या वेळी मैदानाबाहेरून घोडेगाव किंवा जुन्नरकडे जाणारी एसटी नसते. म्हणजे चौघापाचांनी मिळून गाडी करायची, डिझेल भरायचे, टोल द्यायचा, बाहेरच खायचे. पाण्याची बाटलीही आत नेऊ देत नाहीत. एवढे सगळे झाल्यावर तिकिटाचा प्रश्न येतो. त्याची विक्री मुख्यतः ऑनलाइन होते आणि मोठ्या सामन्याची स्वस्त तिकिटे पाहता पाहता संपतात. डोंगरपट्ट्यात, जिथे फोनला रेंज मिळवायला टेकाडावर जावे लागते, तिथल्या मुलाने ती कशी मिळवायची?

सामन्याचा खर्च मोठा असतो, मैदान सांभाळायला पैसा लागतो, त्यामुळे तिकीट महाग ठेवावेच लागते, असे संघटनांच्या बाजूने सांगितले जाते. खर्च मोठा आहे, हे खरे. पण आजच्या क्रिकेटचा मुख्य पैसा दारातून येत नाही. आयपीएलच्या २०२३ ते २०२७ या पाच वर्षांच्या ४१० सामन्यांचे प्रसारण हक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले. एका सामन्याला हे सुमारे ११८ कोटी रुपये पडतात. आता गहुंज्याच्या मैदानाचा विचार करा. तिथे साधारण ३७ हजार प्रेक्षक बसतात. प्रत्येक खुर्ची ५०० रुपयांना विकली तरी एका सामन्याची रक्कम पावणेदोन-दोन कोटींच्या घरात जाते. सगळ्या खुर्च्या स्वस्त करा, असे कुणी म्हणत नाही. एखादा स्टँड स्वस्त ठेवल्याने क्रिकेट कंगाल होणार नाही, एवढे मात्र या आकड्यांवरून स्पष्ट दिसते. शिवाय प्रसारणाचे हक्क एवढे महाग विकले जातात ते भरलेल्या, ओरडणाऱ्या मैदानाचे चित्र घरोघर पोहोचते म्हणूनही. रिकाम्या खुर्च्यांसमोरचा षटकार टीव्हीवरही फिका वाटतो.

सरकारचा वाटाही यात आहे. सप्टेंबर २०२५ पासून आयपीएलच्या तिकिटावरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून ४० टक्के झाला. मूळ किंमत १,००० रुपये असेल तर प्रेक्षकाला १,४०० मोजावे लागतात. चौघांच्या कुटुंबाचे ५,६०० होतात आणि त्यांतले १,६०० निव्वळ कराचे. याउलट मान्यताप्राप्त क्रीडा स्पर्धांच्या ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर कर नाही, त्यावरच्या तिकिटावर १८ टक्के आहे. म्हणजे सामान्य प्रेक्षकाचे तिकीट कोणते, याची रेघ सरकारनेच आखून ठेवली आहे. क्रिकेट संघटनेने त्या रेघेच्या आत पुरेशी तिकिटे ठेवायला हवीत.

तिकिटांच्या वाटपावरून महाराष्ट्रात भांडण होणे नवे नाही. मुंबईचे वानखेडे स्टेडियम उभे राहिले तेच अशा भांडणातून. ब्रेबॉर्न स्टेडियम क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या मालकीचे. तिथल्या सामन्यांची किती तिकिटे मुंबई क्रिकेट असोसिएशनला मिळावीत, यावरून दोन्ही संस्थांत वर्षानुवर्षे वाद होता. शेवटी असोसिएशनच्या बाजूने शेषराव वानखेडे यांनी पुढाकार घेतला आणि हाकेच्या अंतरावर दुसरे मैदान तेरा-चौदा महिन्यांत बांधून काढले. जानेवारी १९७५ मध्ये वेस्ट इंडिजविरुद्ध तिथे पहिली कसोटी झाली. पण त्या मैदानावरही पुढे सामान्य प्रेक्षकाच्या वाट्याला काय आले? २०११ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्याला सुमारे ३३ हजार आसनांपैकी खुल्या विक्रीला आली जेमतेम चार हजार. बाकीची संलग्न क्लब, आयसीसी, पुरस्कर्ते आणि पाहुण्यांत वाटली गेली. मैदान नवे झाले तरी वाटपाची रीत जुनीच राहिली, तर रांगेतल्या माणसाच्या हाती काही लागत नाही.

स्वस्त जागा ही धंद्याच्याही हिताची असते, हे अमेरिकेतल्या बेसबॉलने फार पूर्वी ओळखले. १८८२ मध्ये तिथे एक नवी लीग सुरू झाली. जुनी नॅशनल लीग ५० सेंट घेत असे, नवीने तिकीट २५ सेंटवर आणले आणि कामगारवर्ग मैदानाकडे वळवला. १९१७ मध्ये सेंट लुईसच्या कार्डिनल्स संघाने कुंपणाच्या फळ्यांना पडलेल्या भोकांतून खेळ पाहणाऱ्या गरीब मुलांना मैदानात मोफत बसवायची योजना सुरू केली. पुढे तीच मुले मोठी होऊन तिकीट काढून आली. आजही तिथला प्रत्येक मोठा संघ हंगामात घरच्या मैदानावर ८१ सामने खेळतो. म्हणून आठवड्याच्या मधल्या दिवसाचे, वरच्या मजल्यावरचे तिकीट शनिवार-रविवारपेक्षा पुष्कळ स्वस्त पडते. सॅन फ्रान्सिस्को जायंट्सने तर २००९ पासून मागणीनुसार सामन्यागणिक किंमत बदलायला सुरुवात केली.

इंग्लंडमध्ये लिव्हरपूल या फुटबॉल क्लबच्या मालकांनी फेब्रुवारी २०१६ मध्ये सर्वांत महाग तिकीट ७७ पौंडांवर नेण्याचे जाहीर केले. पुढच्या सामन्यात ७७ व्या मिनिटाला हजारो प्रेक्षक उठून बाहेर पडले. काही दिवसांतच मालकांनी माफी मागून दरवाढ मागे घेतली. त्याच वर्षी प्रीमियर लीगच्या क्लबांनी पाहुण्या संघाच्या प्रेक्षकांसाठी तिकिटाला ३० पौंडांची मर्यादा घातली.

इतके लांब जायचीही गरज नाही. २०२३ मध्ये महिला प्रीमियर लीगचा पहिला हंगाम मुंबई-नवी मुंबईत झाला तेव्हा मुली आणि महिलांना प्रवेश मोफत होता आणि तिकिटे १०० रुपयांपासून होती. २०२५ च्या महिला विश्वचषकाची तिकिटेही पहिल्या टप्प्यात १०० रुपयांपासून विकली गेली. २ नोव्हेंबरला नवी मुंबईत भारताने दक्षिण आफ्रिकेला हरवून तो विश्वचषक जिंकला, तेव्हा डी. वाय. पाटील स्टेडियम खच्चून भरले होते. परवडणारे तिकीट ठेवून स्पर्धा यशस्वी होते, हे भारतीय क्रिकेटने आपल्याच अंगणात सिद्ध केले आहे.

आहे त्या परिस्थितीतही जुन्नर-आंबेगावच्या प्रेक्षकाला काही वाटा मोकळ्या आहेत. टी-ट्वेंटीपेक्षा कसोटीच्या दिवसाचे तिकीट सहसा स्वस्त असते, खेळ सकाळी सुरू होऊन उजेडी संपतो, त्यामुळे परतीची एसटी गाठता येते. मात्र गहुंज्याच्या बहुतेक स्टँडवर छप्पर नाही, तेव्हा टोपी हवीच. रणजी करंडकाच्या सामन्यांना बहुधा प्रवेश मोफत असतो. जानेवारी २०२५ मध्ये कोहली दिल्लीकडून रणजी खेळायला उतरला तेव्हा मोफत प्रवेशाच्या त्या मैदानावर हजारो लोक पहाटेपासून रांगेत होते. महाराष्ट्राचा संघ गहुंज्यात खेळतो तेव्हा ऋतुराज गायकवाडची फलंदाजी शाळेच्या मुलांना अगदी जवळून पाहता येते. मैदानाबाहेर चढ्या भावाने तिकीट विकणाऱ्याच्या नादी मात्र लागू नये. खोट्या तिकिटाने पैसेही जातात आणि दिवसही.

पण प्रेक्षकाच्या हुशारीवर सगळे सोडून भागणार नाही. संघटनेने करण्यासारख्या चार गोष्टी अगदी हाताशी आहेत.

पहिली, प्रत्येक आंतरराष्ट्रीय सामन्याला एक ठरावीक स्टँड ५०० रुपयांच्या आत ठेवावा आणि त्याची काही तिकिटे मंचर, घोडेगाव, नारायणगाव, जुन्नर अशा ठिकाणी खिडकीवर, ओळखपत्र पाहून विकावीत. स्वस्त तिकिटे दलाल उचलतील ही भीती रास्त आहे. तिकिटावर नाव आणि दारात ओळखपत्र, हा त्यावर साधा उपाय आहे.

दुसरी, एसटी. एप्रिल २०१८ मध्ये चेन्नई सुपर किंग्जचे सामने पुण्यात हलवले गेले तेव्हा त्या संघाने सुमारे हजार चाहत्यांना खास रेल्वेने, मोफत तिकिटासह, चेन्नईहून पुण्याला आणले होते. हजार किलोमीटरवरून प्रेक्षक आणता येत असेल, तर सामन्याच्या रात्री मंचर-नारायणगाव-जुन्नर मार्गावर दोन-चार जादा बस सोडणे एसटी महामंडळाला आणि संघटनेला अवघड नाही.

तिसरी, कसोटीच्या सोमवार ते शुक्रवारच्या दिवसांत मोकळे राहणारे स्टँड जिल्हा परिषदेच्या आणि आश्रमशाळांच्या विद्यार्थ्यांना द्यावेत. त्यासोबत पिण्याचे पाणी आणि सावली हवी. २०२४ च्या न्यूझीलंड कसोटीत पहिल्याच दिवशी उन्हात प्रेक्षकांना पाणी मिळाले नाही आणि संघटनेला जाहीर दिलगिरी व्यक्त करावी लागली. मुलांना बोलवायचे तर ही सोय आधी पक्की व्हायला हवी.

चौथी आणि सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे हिशेब. सामन्यापूर्वी किती तिकिटे खुल्या विक्रीला आली, किती संलग्न क्लबांना, किती पुरस्कर्त्यांना आणि किती मानाची म्हणून वाटली, हे संघटनेने जाहीर करावे. इथल्या गावांत यात्रा झाली की जमा-खर्चाचा कागद चावडीवर किंवा देवळात लावतात. कुणाची वर्गणी किती आणि मंडपाला किती गेले, ते शाळकरी पोरही वाचून सांगते. गहुंज्याच्या पुढच्या सामन्याचा असा तक्ता आधी लागावा, आणि त्यात जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या नावापुढे किती तिकिटे आहेत ते स्पष्ट लिहिलेले असावे. ही मागणी दोन्ही तालुक्यांच्या पंचायत समित्यांनी आणि लोकप्रतिनिधींनी पुढच्या सामन्याची तारीख जाहीर होण्याची वाट न पाहता आताच लेखी नोंदवावी.