'पहिल्या भेटी'च्या आधी

'पहिली भेट' असे म्हणताना आपण नकळत येणाऱ्याचेच घड्याळ प्रमाण मानतो. इ. स. १५४० मध्ये एर्नान्दो दे सोतोची स्पॅनिश फौज अ‍ॅपलेशियन डोंगररांगांतून गेली. चेरोकींच्या मुलखाविषयीचे पहिले लेखी उल्लेख त्या मोहिमेच्या वृत्तांतांत सापडतात. चेरोकी भाषेसाठी सिकोयाने लिपी सिद्ध केली ती १८२१ च्या सुमारास. म्हणजे त्या काळाचे कागद परक्यांचे, चेरोकींपाशी केवळ मौखिक स्मृती. अशा वेळी ऐतिहासिक कादंबरीने कुणाचा हात धरावा?

रॉबर्ट कॉन्ली (१९४०-२०१४) या चेरोकी लेखकाने 'द वे ऑफ द प्रीस्ट्स' (१९९२) पासून आरंभिलेली 'रिअल पीपल' ही कादंबरीमाला आम्हांला या संदर्भात महत्त्वाची वाटते. 'खरी माणसे' हे चेरोकींनी स्वतःला दिलेल्या नावाचेच भाषांतर. मालेच्या आरंभी संघर्ष आहे तो चेरोकी समाज आणि त्याचे सत्तांध पुरोहित यांच्यातला. त्यामागे 'आनी-कुटानी' या वंशपरंपरागत पुरोहितवर्गाच्या संहाराची परंपरागत कथा आहे. जेम्स मूनीने १९०० साली ती प्रसिद्ध केली. एका विवाहितेवरील अत्याचाराने लोक पेटले, पुरोहितांना त्यांनी संपवले आणि त्यानंतर जन्मसिद्ध अधिकार कुणालाच मानू दिला नाही, असे ही कथा सांगते.

या निवडीमुळे दोन मोह टळतात. गोरा माणूस येईपर्यंत तिथे केवळ निसर्ग आणि निरागसता होती, हा पहिला; तो आल्यावरच इतिहास सुरू झाला, हा दुसरा. ज्या समाजात अन्याय आहे, बंड आहे, त्याला स्वतःचा इतिहास आहेच.

नात्यांच्या रचनेचे आव्हान याहून अवघड आहे. चेरोकींची सात कुळे आईकडून चालत. मूल आईच्या कुळाचे. त्याच्या घडणीत बापापेक्षा मामाचा अधिकार मोठा. चेरोकी आईला परक्यापासून झालेले मूलही पूर्णतः चेरोकीच. बाप, पुत्र आणि वारस यांवर उभा असलेला ऐतिहासिक कादंबरीचा परिचित साचा इथे निरुपयोगी ठरतो. मराठी वाचकाला तर हे विशेष जाणवावे.

साडेतीन शतकांनंतर एका परक्याने टिपलेल्या कथेवर इतिहास कसा उभारावा, असा आक्षेप घेता येईल. तो रास्त आहे. परंतु सोने आणि मका शोधत निघालेल्या फौजेचे वृत्तांत तरी निरपेक्ष कसे? बखरींवर पोसलेल्या आपल्या कादंबरीला हा प्रश्न परका नाही. स्मृतीला स्मृती म्हणूनच वागवावे, तिला पुराव्याचा खोटा पोशाख चढवू नये, एवढे पथ्य कादंबरीकाराने पाळावे, असे आम्हांस वाटते.

शिवाय चेरोकी ही काही नामशेष जमात नव्हे. ओक्लाहोमात दोन आणि नॉर्थ कॅरोलायनात एक अशा त्यांच्या तीन मान्यताप्राप्त शासनव्यवस्था आज नांदत आहेत. त्यांच्या भूतकाळाविषयी लिहिलेल्या प्रत्येक ओळीला जाब विचारणारे वाचक हयात आहेत, याचे भान लेखकाने ठेवायला हवे.