दहा रुपयांचा नोकर, पडद्यावरची तारामती

भोकरदनच्या उत्खननात सातवाहनकालीन हस्तिदंती स्त्रीमूर्ती निघाली, पण ती कोरणाऱ्या कारागिराचे नाव कोणत्याही दफ्तरी दाखल नाही; निदान ज्यांचे नाव शाबूत आहे अशा कलावंतांविषयी तरी आपण बेफिकीर राहू नये, या भावनेने अंकाचे हे पहिले पान आम्ही अण्णा साळुंके यांना अर्पण करीत आहोत.

दादासाहेब फाळके ‘राजा हरिश्चंद्रा’ची जुळवाजुळव करीत असता, जाहिराती देऊनही आणि नायकिणींच्या दारी आर्जवे करूनही तारामतीसाठी स्त्री मिळेना, तेव्हा मुंबईच्या ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहात दरमहा दहा रुपये मुशाहिऱ्यावर राबणाऱ्या या सडपातळ तरुणाचा नाजूक बांधा त्यांच्या नजरेत भरला, आणि पंधरा रुपयांच्या बोलीवर तो मिशा उतरवून पट्टराणी झाला. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये मुंबईकरांनी त्याला पाहिले. त्याच वर्षी ‘मोहिनी भस्मासुरा’त दुर्गाबाई व कमलाबाई या मायलेकी उभ्या राहिल्या खऱ्या, तथापि साळुंक्यांचे स्थान ढळले नाही.

१९१७ च्या ‘लंकादहना’त तर राम आणि सीता या दोन्ही भूमिका त्यांनीच वठविल्या. सीतेच्या पदराआडून पुरुषी दंड डोकावत असता, राम पडद्यावर येताच प्रेक्षक पायांतील वहाणा काढीत, असे सांगतात. याला भाबडेपण म्हणणारे म्हणोत. आम्ही ती अभिनयाची सिद्धी मानतो. पुढे याच माणसाने कॅमेऱ्यामागे उभे राहून मूकपटांचे छायाचित्रणही केले.