ईटीएफ : टोपलीत काय आहे ते आधी पाहा

घरखर्चातून वाचलेले पाच-दहा हजार ठेवायचे कुठे, हा आपल्या अनेक घरांतला जुना प्रश्न. व्याज नको म्हणून पैसा कपाटात पडून राहतो आणि महागाई त्याची किंमत कमी करत जाते. नाहीतर तो ‘हलाल नफा’ सांगणाऱ्या कुणाच्या तरी हवाली होतो. अशाच एका योजनेत 2019 मध्ये बंगळुरूत हजारो कुटुंबांची पुंजी अडकली. म्हणून या महिन्यात आपण एक उघड, तपासता येणारा मार्ग समजून घेऊ : एक्स्चेंज ट्रेडेड फंड, म्हणजेच ईटीएफ.

ईटीएफ म्हणजे शेअर्सची टोपली. एका युनिटमध्ये अनेक कंपन्यांचा थोडा थोडा वाटा असतो, त्यामुळे एखादी कंपनी बुडाली तरी सगळे जात नाही. टोपलीत कोण असावे हे निर्देशांक ठरवतो, म्हणून फंड चालवण्याचा खर्चही सहसा कमी असतो. निफ्टीच्या ईटीएफमध्ये 50 मोठ्या कंपन्या असतात. डीमॅट आणि ट्रेडिंग खाते उघडले की बाजाराच्या दिवशी सकाळी 9.15 ते दुपारी 3.30 या वेळेत शेअरसारखेच एक युनिटही घेता येते. या फंडांवर सेबीची देखरेख असते.

आता आपल्या घरांसाठी महत्त्वाची गोष्ट. प्रत्येक ईटीएफमधला माल वेगळा असतो. लिक्विड, गिल्ट, भारत बाँड या नावांच्या ईटीएफची कमाई व्याजाचीच असते. साध्या निफ्टी ईटीएफमध्येही बँकांचा मोठा वाटा असतो. ज्यांना हे नको, त्यांच्यासाठी निफ्टी 50 शरिया निर्देशांकावर चालणारा ‘शरिया बीज’ हा ईटीएफ 2009 पासून बाजारात आहे. त्यात बँका, दारू, जुगार असे धंदे वगळले जातात आणि व्याजी कर्जाचा बोजा जास्त असलेल्या कंपन्याही गाळल्या जातात. तरीही कंपनीच्या उत्पन्नात व्याजाचा थोडा अंश राहू शकतो. तो काढून कसा द्यायचा आणि युनिटांवरील जकात कशी मोजायची, हे जाणत्या आलिमांना विचारून घ्यावे.

चाळणी लावली म्हणून जोखीम जात नाही. बँका वगळल्यावर आयटीसारख्या मोजक्या क्षेत्रांचा वाटा वाढतो. ती घसरली की हा फंडही घसरतो. आणि 2008 या एकाच वर्षात निफ्टी निम्म्याहून खाली आला होता, हे विसरू नये. म्हणून मुलांची फी, लग्न किंवा हज यांसाठी दोन-तीन वर्षांत लागणारा पैसा इथे घालू नये. कर्ज काढून तर मुळीच नाही.

घेताना आणखी एक काळजी. काही ईटीएफची खरेदी-विक्री रोज फार थोडी होते. त्यामुळे बाजारातला भाव युनिटच्या खऱ्या मूल्यापेक्षा, म्हणजे एनएव्हीपेक्षा, बराच वर-खाली असू शकतो. फंडाच्या संकेतस्थळावर ते मूल्य पाहावे आणि आपला भाव ठरवून ‘लिमिट ऑर्डर’ द्यावी.

आम्ही कोणताही फंड घ्या असे सांगत नाही. पण कुणी दरमहा ठरावीक नफ्याची हमी देऊ लागला, तर एवढे ओळखावे की तो शेअर्सच्या ईटीएफबद्दल बोलत नाही. इथे हमी नसते.