खाऱ्या पाण्याचा प्रश्न शाळेत न्या

खारपट्ट्यातल्या पोराला विचारा, खाऱ्या पाण्यात साधं भात का रुजत नाही? 'पाणी खारं म्हणून,' एवढंच उत्तर येईल. दोन वाट्यांत दाणे ठेवा, एकीत गोडं पाणी, दुसरीत मिठाचं. आठवडाभर मोड मोजायला लावा. मग पोर स्वतःच विचारील, मीठ किती झालं म्हणजे मोड अडतो? पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने 'पनवेल १', 'पनवेल २', 'पनवेल ३' हे भाताचे वाण काढले, ते याच प्रश्नामागे लागून. त्यातलं बियाणं तिसऱ्या वाटीत ठेवता आलं तर उत्तमच.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात, कलम २९ मध्ये, कृतीतून आणि शोधातून शिकवा असंच लिहिलंय.

साहित्य नाही, ही सबब आता चालायची नाही. हार्बरच्या गाडीने खाडी ओलांडली की मानखुर्द; तिथल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या 'विज्ञान प्रतिभा' उपक्रमाचे पाठ इंटरनेटवर फुकट मिळतात. अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर टाकाऊ वस्तूंचे प्रयोग आहेत, मराठी पुस्तकंही आहेत. मात्र गुरुजींनी प्रयोग आधी स्वतः करून पाहावा. पोरांना नुसतं पडद्यासमोर बसवलं, तर तो सिनेमाच झाला.

गाडं अडतं ते रिचार्ज नि वीजबिलापाशी. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, म्हणजे आपणच की! सरपंचांना बोलवा, पुढच्या बैठकीत रंगरंगोटीच्या आधी हा विषय घ्या. आणि गुरुजींना विचारा, या महिन्यात पोरांनी कोणता प्रश्न काढला?